गणपती झाले आणि साइटची वर्दळ निम्म्याखाली: नक्की काय बिघडलं असेल?

ओटीवरची | मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, जमल्यास थोडा धीरही द्या.

सणवार आणि नैवेद्याच्या पाककृतींची माझी एक छोटी मराठी साइट आहे. वर्डप्रेसवर, २०१४ पासून. लेख असतील ३४० च्या आसपास. जाहिरातींतून होस्टिंगचे पैसे सुटतात आणि वर्षाकाठी एखादं पातेलं घेण्याइतके उरतात. वाचक जवळजवळ सगळे गूगलवरून येतात.

आज सर्च कन्सोल (गूगलवरून साइटवर किती लोक आले ते दाखवणारं गूगलचंच साधन) उघडलं. १ ते १४ सप्टेंबरची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच तारखांशी केली आणि हातातला चहा तसाच राहिला. मागच्या वर्षी १०० क्लिक असतील तर यंदा ४१. ऐन गणपतीत! दहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

घाबरून दोन गोष्टी केल्या: एसईओचं (गूगलमध्ये पान वर यावं यासाठीचं) प्लगिन बदललं आणि तीसेक लेखांची शीर्षकं नव्याने लिहिली. अजून फरक नाही. आता सगळ्या जुन्या पाककृती पुन्हा लिहायला घेऊ का? कुठून सुरुवात करू?

रात्रपाळी | १६ सप्टेंबर, ११:१८

रुमाल टाकून ठेवतो, सकाळी सविस्तर लिहितो. तोवर ताई, कृपा करून एकाही शीर्षकाला हात लावू नका.

काडेपेटी | १६ सप्टेंबर, ११:४०

यात शोधायचं काय? गूगलचं स्पॅम अपडेट (फसव्या साइटना निकालांत मागे ढकलणारा बदल) २६ ऑगस्टला सुरू झालंय आणि अजून संपलेलं नाही. तुमची घसरण सप्टेंबरची. दोन अधिक दोन चार. माझ्या ओळखीत तिघांना फटका बसलाय. पाककृतींच्या साइट तर २०२२ च्या हेल्पफुल कंटेंटवाल्या अपडेटपासूनच मार खातायत.

ओटीवरची | १६ सप्टेंबर, ११:४६

अरे देवा. पण मी स्पॅम कुठे केलंय? आईच्या वहीतून उतरवलेल्या पाककृती आहेत त्या.

रात्रपाळी | १७ सप्टेंबर, सकाळी ८:०५

ड्यूटी संपली, घरी आलो, आता लिहितो.

काडेपेटी, तारीख जुळली म्हणून कारण जुळलं असं नसतं. २६ ऑगस्टला हरतालिकाही होती, तिच्यावर संशय घेणार का? अपडेटची शक्यता मी नाकारत नाही, पण तिथे सगळ्यात शेवटी यायचं. आधी साध्या गोष्टी तपासायच्या.

ताई, अनारसा तुपात हसला तर तुम्ही लगेच सगळं पीठ फेकून देत नाही ना? गूळ जास्त झाला, पीठ ओलं राहिलं की तूप नीट तापलं नव्हतं, हे आधी बघता. इथेही 'ट्रॅफिक पडलं' एवढ्यावरून काही कळत नाही. मला पुढच्या गोष्टी सांगा.

क्लिक पडले की इम्प्रेशन पडली? इम्प्रेशन म्हणजे निकालांत तुमचं पान किती वेळा दिसलं. दोन्ही पडली असतील तर एक तर लोक ते शोधतच नाहीयेत, किंवा तुम्ही निकालांतून बाहेर फेकल्या गेला आहात. इम्प्रेशन तेवढीच, जागाही तीच आणि फक्त क्लिक कमी असतील, तर निकालाच्या पानावर तुमच्या वरती काहीतरी नवं येऊन बसलंय. या दोन दुखण्यांना औषधं वेगळी.

आलेखाचा आकार कसा आहे? एका दिवसात कडा तुटल्यासारखा खाली आला असेल तर बहुतेक तांत्रिक भानगड, मॅन्युअल कारवाई (गूगलच्या माणसांनी तपासून केलेली शिक्षा) किंवा साइट हॅक होणं. मॅन्युअल अ‍ॅक्शन आणि सिक्युरिटी हे दोन विभाग सर्च कन्सोलमध्ये डावीकडे खाली आहेत. दोन मिनिटांचं काम आहे, आधी ते उघडा. हळूहळू उतरता असेल तर विचार वेगळा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणती पानं पडली? सगळी सारखीच, की काहीच? बेरजेत काही दिसत नाही. पानांच्या टॅबवर जा, तुलना चालू ठेवा आणि फरकाच्या रकान्यावर क्रम लावा.

अजून एक: वर 'वेब' निवडलंय ना ते बघा. इमेजचा शोध वेगळा मोजला जातो, आणि डिस्कव्हरचा अहवाल तर पूर्ण वेगळा आहे. मोबाइलवर आपोआप समोर येणाऱ्या बातम्यांतून वाचक येत असतील तर त्यांची भरती-ओहोटी या हिशोबात धरायची नाही.

रँकगुरू_९९ | १७ सप्टेंबर, ९:३२

मॅडम काळजी नको. हजार हाय क्वालिटी बॅकलिंक फक्त ५०० रुपयात. पंधरा दिवसात पहिला नंबर गॅरंटी. व्यनि (खाजगी निरोप) करा.

परदेशी_पाव | १७ सप्टेंबर, ९:४१

५०० रुपयांत हजार विकतच्या लिंका म्हणजे आठ आण्याला एक. आमच्या गावच्या बाजारात कोथिंबिरीची काडीसुद्धा या भावाने मिळत नाही. संपादक, हे तण उपटा. ताई, हे घेतलंत तर मात्र काडेपेटींचं स्पॅमचं भाकीत खरं ठरेल.

तिथीनुसार | १७ सप्टेंबर, दुपारी १:१५

धागा वाचला आणि डोक्यावर हात मारला. ताई, तुम्ही पाककृती तिथीने लिहिता आणि तुलना इंग्रजी तारखेने करता!

मागच्या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. यंदा २७ ऑगस्टला झाली. म्हणजे तुमच्या १ ते १४ सप्टेंबर २०२४ मध्ये हरतालिका, चतुर्थी, गौरी असं सगळं बसतं, मोदकांची अख्खी लाट. यंदाच्या १ ते १४ सप्टेंबरमध्ये काय आहे? गौरीपूजन, विसर्जन, ६ तारखेला अनंत चतुर्दशी आणि त्यानंतर चक्क पितृपक्ष. मोदकांची लाट केव्हाच ओसरली होती. तुम्ही भरतीची तुलना ओहोटीशी करताय.

चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असल्यामुळे अधिक मास नसेल तर आपले सण दरवर्षी ११ दिवस अलीकडे सरकतात. तेव्हा मागच्या वर्षीच्या १ ते १४ सप्टेंबरसमोर यंदाचे २१ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर ठेवा. सर्च कन्सोलमध्ये 'कस्टम' निवडून दोन्ही कालखंड हाताने घालता येतात. सगळे लोक 'मागील वर्षाशी तुलना' हे तयार बटण दाबून मोकळे होतात. ते बटण ज्यांनी केलं त्यांचा नाताळ कायम २५ डिसेंबरलाच येतो.

एक बारीक गोष्ट. सर्च कन्सोलचा रोजचा आकडा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेने मोजतात. तिथली उन्हाळी वेळ चालू असताना ती आपल्या साडेबारा तास मागे असते. म्हणजे त्यांची तारीख आपल्याकडे दुपारी साडेबाराला बदलते. चतुर्थीच्या सकाळी बायका (आणि हल्ली पुरुषही) 'मोदक का फुटतात' शोधत होत्या, ते सगळे क्लिक तिथे २६ तारखेला पडलेत. अ‍ॅनालिटिक्सला भारतीय वेळ लावलेली असेल तर या वाचक मोजणाऱ्या दुसऱ्या साधनातलं शिखर २७ ला दिसेल. दोन ठिकाणी दोन शिखरं दिसली तर गडबडू नका.

आणि वार जुळणार नाहीत. मागच्या वर्षी चतुर्थी शनिवारी होती, यंदा बुधवारी. तेवढा फरक सोडून द्यायचा.

परदेशी_पाव | १७ सप्टेंबर, १:३०

तिथीनुसार, दंडवत. वाचनखूण साठवली आहे. फ्रँकफर्टच्या आमच्या मंडळाच्या साइटवर दरवर्षी हाच गोंधळ होतो आणि दरवर्षी अध्यक्ष कुणावर तरी चिडतात.

ओटीवरची | १७ सप्टेंबर, रात्री १०:२०

तिथीनुसार, तुम्हाला पंचखाद्याचा डबा पाठवायला हवा. तुम्ही सांगितलंत तशी तारीख सरकवली. ४१ चे ७२ झाले! निम्म्याहून जास्त घसरण पंचांगातच विरघळली. मॅन्युअल आणि सिक्युरिटी दोन्हीकडे हिरवी खूण आहे.

पण ७२ म्हणजे अजूनही २८ कमीच. ते कुठे गेले?

भरीत_पार्टी | १७ सप्टेंबर, १०:५०

माझाच अनुभव सांगतो, हसू नका. दोन वर्षांपूर्वी माझी साइट नव्या होस्टिंगवर नेली. नेताना वर्डप्रेसच्या 'रीडिंग' सेटिंगमधला 'सर्च इंजिनांना परावृत्त करा' हा चौकोन चाचणीपुरता टिक केला होता. तो काढायचा राहिला. गूगलने मुकाट्याने एकेक पान काढून टाकलं आणि मी तीन आठवडे लेखांची लांबी वाढवत बसलो. एक टिकमार्क! तेव्हा ताई, आधी तो चौकोन बघा.

दुसऱ्या एका मित्राचं उलटं झालं. त्याच्या साइटची पानं एकदम हजारोंनी वाढली, सगळी जपानी भाषेत, बुटांची आणि घड्याळांची. हॅक झाली होती. तुमच्या साइटच्या नावाआधी इंग्रजीत 'site:' (अपूर्णविरामासकट) लावून गूगलमध्ये शोधा, अनोळखी पानं आली तर समजेल.

ओटीवरची | १७ सप्टेंबर, ११:०५

चौकोन रिकामा आहे. जपानी पानंही नाहीत, फक्त माझीच मोदक-करंज्या.

रात्रपाळी | १८ सप्टेंबर, सकाळी ८:३०

छान. आता हे २८ खरे आहेत आणि ते शोधायचे आहेत. दोन कामं.

एक, पानांची यादी. सरकवलेल्या तारखांनी तुलना करून कोणती पानं पडली आणि कोणती जागच्या जागी आहेत ते बघा. दोन्ही गटांत काय वेगळं आहे ते शोधा. जुनी विरुद्ध नवी? गोड विरुद्ध तिखट? फोटोवाली विरुद्ध बिनफोटोची? काहीही असू शकतं.

दोन, आठवून सांगा, जुलैअखेरपासून साइटवर काय काय बदललं? 'काही नाही' हे उत्तर मला चालत नाही. पंधरा वर्षं सर्व्हर सांभाळतोय, 'काहीच केलं नाही' म्हणणाऱ्या प्रत्येकाने काहीतरी केलेलं असतं.

ओटीवरची | १८ सप्टेंबर, रात्री ९:१५

यादी काढली आणि एक विचित्रच गोष्ट दिसली. २०२० पर्यंत मी लेखांचे पत्ते (लिंकमधलं लेखाचं नाव) देवनागरीत ठेवत असे, शीर्षक मराठी की पत्ताही आपोआप मराठी. पुढे कुणीतरी सांगितलं म्हणून रोमन लिपीत ठेवू लागले. रोमनवाले लेख मागच्या वर्षीच्या ९७ टक्क्यांवर आहेत, म्हणजे ठीकच. देवनागरीवाले ४७ वर आलेत. एकूण २१७ लेख आहेत ते.

आणि हो... १७ ऑगस्टला माझा भाचा घरी आला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, 'मावशी, गणपतीआधी साइट जरा साफसूफ करून देतो.' थीम हलकी केली, वेग वाढला, मी खूश. त्याला आत्ता फोन केला तर म्हणतो, सगळे देवनागरी पत्तेही त्याने रोमन केले होते, 'एसईओला चांगले' म्हणून. पण जुन्या पत्त्यांवरून नव्यांवर रीडायरेक्ट लावलेत असंही म्हणाला. मग तो मुद्दा संपतो ना?

रात्रपाळी | १८ सप्टेंबर, ९:२२

संपत नाही, तिथूनच सुरू होतो. एखाद्या लेखाची जुनी लिंक कुठे आहे का? व्हॉट्सअ‍ॅपवर जुना निरोप वगैरे? खाजगी विंडोत उघडा.

ओटीवरची | १८ सप्टेंबर, ९:३१

नणंदेला २०१८ साली पाठवलेली सापडली. 'हे पान सापडलं नाही.' चार लिंका बघितल्या, चारही तशाच. माझ्या मोबाइलवर मी नेहमी मुखपृष्ठावरूनच जाते, म्हणून कधी कळलंच नाही.

रात्रपाळी | १८ सप्टेंबर, रात्री १०:४०

सुट्टी आहे आज, निवांत लिहितो. भाच्याला ओरडू नका, हेतू चांगला होता आणि चूक अशी आहे की मीही केली असती.

वर्डप्रेसच्या संपादन-पानावर जाऊन एखाद्या लेखाचा पत्ता बदलला तर वर्डप्रेस जुना पत्ता लक्षात ठेवतं आणि येणाऱ्याला नव्याकडे पाठवतं. पण २१७ लेख एकेक करून कोण बदलणार? त्याने नक्कीच थेट डेटाबेसमध्ये एक आज्ञा चालवली असणार. तसं केलं की वर्डप्रेसला पत्ता बदलल्याचा पत्ताच लागत नाही. जुनी नोंद राहत नाही.

हे त्याला ठाऊक असावं, म्हणून त्याने एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरच्या सूचनांच्या फाइलमध्ये २१७ नियम लिहिले. इथे खरी गंमत. ब्राउझरमधून देवनागरी पत्ता कॉपी केला की तो टक्क्यांच्या भाषेत येतो. नुसता 'म' म्हणजे टक्का-ई-शून्य, टक्का-ए-चार, टक्का-ए-ई. एका अक्षराला नऊ खुणा. भाच्याने तेच नियमात चिकटवलं असणार. पण अपाची सर्व्हर नियम तपासण्याआधी ही टक्केवारी सोडवून मूळ देवनागरी करून घेतो, आणि मग नियमाशी ताडतो. एका बाजूला 'मोदक', दुसऱ्या बाजूला टक्क्यांची रांग. जुळणार कसे? कुठे त्रुटी नाही, कुठे इशारा नाही. नियम नुसते बसून आहेत, वऱ्हाडात कुणी न ओळखणाऱ्या पाहुण्यासारखे.

म्हणून गूगलला २१७ जुनी पानं '४०४' (म्हणजे 'पान सापडलं नाही') मिळाली आणि २१७ नवी पानं अनोळखी म्हणून मिळाली. दहा वर्षांची पुण्याई जुन्या पत्त्यांवर आणि माणसं नव्या घरात.

आता 'एका दिवसात कडा का तुटली नाही?' असं विचाराल. गूगल सगळी पानं एकाच दिवशी तपासत नाही. जसजसा त्याचा फेरा होतो तसतशी पानं गळतात. त्यात गणपतीची लाट वर चढत होती. भरतीचं पाणी चढताना होडीचं भोक दिसत नाही. शिवाय निकालात पान शिल्लक आहे तोवर त्यावरचा क्लिक सर्च कन्सोल मोजतंच, वाचक मोडक्या पानावर जाऊन आपटला तरी. अ‍ॅनालिटिक्समध्ये पानांच्या शीर्षकांच्या यादीत 'सापडलं नाही' शोधा, १७ ऑगस्टपासून ते किती वर गेलंय ते दिसेल.

उपाय: नियम साध्या देवनागरीत लिहायचे, फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करायची, ३०१, म्हणजे कायमचा रीडायरेक्ट, ठेवायचा.

काडेपेटी | १८ सप्टेंबर, ११:१०

मानलं. स्पॅम अपडेट मागे घेतो. (तात्पुरतं.)

ओटीवरची | २० सप्टेंबर, दुपारी ४:००

भाचा रात्री जागून बसला. बिचाऱ्याने ताटातला घासही नीट घेतला नाही. होस्टिंगवाल्यांकडे सातच दिवसांचा बॅकअप, म्हणून जुने पत्ते कुठून आणायचे हा प्रश्न होता. शीर्षकांवरून त्याने ते पुन्हा तयार केले, नियम देवनागरीत लिहिले. काही पानं लगेच चालू झाली, मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. पण निम्म्याहून जास्त अजून ४०४ च. लांब शीर्षकांची सगळी.

परदेशी_पाव | २० सप्टेंबर, ४:४५

'लांब शीर्षकांची' हे वाचून माझी ट्यूब पेटली. आमच्या मंडळाच्या साइटवर हेच झालं होतं.

वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या शेपटीला २०० खुणांची मर्यादा आहे. इंग्रजीला ती भरपूर. देवनागरीत प्रत्येक खूण नऊ जागा खाते, आणि मात्रा, वेलांटी, पाय मोडणं हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. म्हणजे जेमतेम बावीस खुणा. त्यापुढचं शीर्षक कापलं जातं, तेही शब्दाच्या मध्येच.

ताई, तुमचं 'उकडीचे मोदक न फुटता वळण्याची पद्धत' आहे ना? मी मोजलं. जुना पत्ता 'उकडीचे-मोदक-न-फुटता-वळण्य' इथे तुटलेला असणार. भाच्याने पूर्ण शीर्षकावरून नियम लिहिला, त्या पत्त्यावर कधी कुणी राहतच नव्हतं.

शीर्षकावरून अंदाज करू नका. सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांचा विदा (डेटा) असतो. १७ ऑगस्टच्या आधीचा कालखंड निवडा, पानांची यादी उतरवून घ्या. जुने पत्ते जसेच्या तसे, तुटक्या शेपटीसकट मिळतील. यादी हजार ओळींपर्यंत मिळते, तुम्हाला पुरेल. टक्केवारी सोडवून घ्यायला विसरू नका.

ओटीवरची | २० सप्टेंबर, ५:०२

'वळण्य'! नणंदेला पाठवलेल्या लिंकमध्ये अगदी हेच आहे. मला वाटायचं व्हॉट्सअ‍ॅप कापतं.

ओटीवरची | २१ सप्टेंबर, रात्री ११:५५

झालं. भाच्याने जून ते ऑगस्टची यादी उतरवली आणि त्यावरून नियम केले. त्या काळात ज्या लेखांकडे कुणी फिरकलंच नव्हतं असे नऊ उरले, त्यांचे पत्ते हाताने टाइप केले. मी तीसेक लिंका तपासल्या, सगळ्या उघडतायत. उद्या घटस्थापना, आता थोडी झोपते.

काडेपेटी | २४ सप्टेंबर, सकाळी १०:१०

ताईंना अजून एक धक्का बसायच्या आत सांगून ठेवतो. इम्प्रेशनचा आलेख १०-१२ सप्टेंबरपासून खाली गेलेला दिसेल, विशेषतः डेस्कटॉपवर, आणि सरासरी जागा मात्र सुधारलेली. तो तुमचा दोष नाही. एका पानावर शंभर निकाल दाखवायची जुनी सोय त्याच सुमारास चालेनाशी झाली. क्रमांक मोजणारी यंत्रं ती वापरून खोलवरचे निकाल उघडायची आणि त्यात तुमची ७०-८० व्या जागेवरची पानं 'दिसली' म्हणून मोजली जायची. माणसं नव्हतीच ती. क्लिक बघा, ते तिथे पडलेले नसतील.

(हो, स्पॅम अपडेटही परवा संपलं. ताईंना काही झालेलं नाही. लिहून ठेवा, मी चुकलो.)

रात्रपाळी | २४ सप्टेंबर, १०:३०

+१. काडेपेटींची ही माहिती सोन्यासारखी. चुकलो म्हणणारा आयडी आंतरजालावर दुर्मीळ.

ओटीवरची | ९ ऑक्टोबर, रात्री ९:४०

प्रगती. देवनागरीवाले लेख ४७ वरून ८० च्या आसपास आलेत (तिथी जुळवूनच मोजलं हो!). पण एक पान अजिबात हलत नाही: 'गणेश चतुर्थी कधी आहे'. त्याचा पत्ता सुरुवातीपासून रोमन, कधी बदललाच नाही. या गणपतीतली इम्प्रेशन मागच्या इतकीच, जागा तिसरी, तीही तीच. क्लिक मात्र निम्मे. याला काय म्हणावं?

परदेशी_पाव | ९ ऑक्टोबर, १०:०५

हे ते दुसरं दुखणं. तारीख विचारली की उत्तर निकालाच्या पानावरच मिळतं, खाली कोण उतरतो? तारखेचे चौकोन जुनेच आहेत. भारतात एआय ओव्हरव्ह्यू (निकालांच्या वर दिसणारं एआयने लिहिलेलं उत्तर) ऑगस्ट २०२४ मध्ये आलं, इंग्रजी आणि हिंदीसाठी. तुमचे वाचक रोमन लिपीत किंवा अर्ध्या इंग्रजीत शोधत असतील तर तेही वर येत असेल. सर्च कन्सोल ते क्लिक वेगळे काढून दाखवत नाही, त्यामुळे नक्की वाटा सांगता येणार नाही.

भरीत_पार्टी | ९ ऑक्टोबर, १०:२०

म्हणजे फुकटात आपलं लिहिलेलं वाचून दाखवतात आणि आपल्याकडे कुणी येत नाही. छान.

तिथीनुसार | ९ ऑक्टोबर, १०:३८

एका ओळीचं उत्तर असलेल्या प्रश्नासाठी लोकांनी आपल्या पानावर यावं, चार जाहिराती ओलांडाव्यात आणि मग तारीख वाचावी, ही अपेक्षा कितपत योग्य होती हेही विचारात घ्या. मी पंचांगाचा माणूस, माझं पोट यावर, तरी बोलतो. मध्यान्हव्यापिनी चतुर्थी म्हणजे काय, दोन दिवस चतुर्थी असेल तर कुठली धरायची, हे विचारणारे अजून येतात माझ्याकडे.

भरीत_पार्टी | १० ऑक्टोबर, सकाळी ७:१५

तुमच्याकडे येत असतील. माझ्याकडे फक्त 'भरीत किती वाजता करावं' विचारणारे यायचे. असो, धाग्याचं काश्मीर (न संपणारा वाद) नको.

ओटीवरची | २६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३०

भाऊबीज झाली, पाहुणे गेले, हिशोब मांडला. यंदा लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, मागच्या वर्षी १ नोव्हेंबरला, पुन्हा तेच ११ दिवस. चिवडा, चकली, शंकरपाळे धरून फराळाचे लेख मागच्या दिवाळीच्या ९५ टक्क्यांवर आलेत. तारखेचं पान मी आहे तसं सोडलंय. ती बदललेली तीस शीर्षकंही जुनी करून टाकली, 'अस्सल चविष्ट पारंपरिक' वाचून माझं मलाच कसंतरी होत होतं.

तिथीनुसार, पुढच्या वर्षीचं आत्ताच सांगून ठेवा.

तिथीनुसार | २६ ऑक्टोबर, ७:००

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे उलटं. चतुर्थी १४ सप्टेंबरला, १८ दिवस पुढे. दिवाळीही तशीच, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. तेव्हा ऑगस्टअखेर आलेख सपाट दिसला की नवा धागा काढू नका.

रात्रपाळी | २६ ऑक्टोबर, ७:१०

ताई, बाकी सगळं ठीक, पण तुमच्या साटोऱ्यांच्या लेखाची जुनी लिंक माझ्या बायकोच्या बुकमार्कमध्ये आहे. आत्ता उघडली तर ४०४.

ओटीवरची | २६ ऑक्टोबर, ७:१४

असं कसं? त्या नऊमधलाच लेख आहे तो. भाचा इथेच बसलाय, त्याला देते.

ओटीवरची | २६ ऑक्टोबर, ७:४१

भाचा टंकतोय. सापडलं. मावशीने २०१६ मध्ये जुन्या कीबोर्डवर लिहिलं तेव्हा 'साटोऱ्या'तला र साधा होता, पाय मोडून य जोडलेला. मी नियमात टाइप केला तो खाली टिंब असलेला वेगळा ऱ. डोळ्यांना जवळजवळ सारखेच, कॉम्प्युटरला दोन वेगळी अक्षरं. पुऱ्यांच्या लेखातही तेच झालं होतं. दोन्हींसाठी दोन-दोन नियम टाकलेत. काका, आता बघा.

रात्रपाळी | २६ ऑक्टोबर, ७:४४

उघडलं. सारणात खवा किती घ्यायचा तेवढं लिहायचं राहिलंय मावशींचं.